टाचदुखी पुन्हा पुन्हा उलटत असेल तर पोटरी तपासा

तक्रारीचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेच्या तळाशी जोराची कळ येते, थोडा वेळ लंगडत चालल्यावर ती ओसरते आणि दुपारी बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा डोके वर काढते. मग उपचार सुरू होतात. वेदनाशामक गोळ्या, मीठ घातलेल्या गरम पाण्याचा शेक, एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल, सिलिकॉनचे हील पॅड, आणि एवढ्यानेही भागले नाही तर टाचेत इंजेक्शन. महिना-दोन महिने बरे वाटते. त्यानंतर श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी होते, नवरात्रात वणीच्या गडावर जाणे होते, किंवा घरातले एखादे लग्नकार्य उरकते, आणि दुखणे होते तसे परत येते. काही जणांच्या बाबतीत ते जागा बदलते: टाच सुटते आणि चवडा धरतो, चवडा सुटला की टाचेमागची शीर सुजते, किंवा घोट्याची आतली बाजू भरून येते.

असे उलटणारे किंवा जागा बदलणारे दुखणे असेल, तर दुखऱ्या जागेपासून वीतभर वर पाहावे, असे एक फिजिओथेरपिस्ट म्हणून मी सुचवीन. प्रत्येक टाचदुखीचे मूळ पोटरीत असते असा माझा दावा नाही. परंतु पाऊल आणि घोटा यांच्या जुनाट तक्रारींमध्ये सर्वांत कमी वेळा तपासली जाणारी गोष्ट पोटरीच असते, आणि तपासली तरी ती बहुधा चुकीच्या स्थितीत, म्हणजे गुडघा वाकलेला असताना, तपासली जाते. घोळ नेमका येथेच होतो.

पोटरी आखडली की पावलात काय घडते

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू आहेत. वरवर दिसणारा, चालताना फुगणारा स्नायू म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून, म्हणजे गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्याखाली दडलेला रुंद, चपटा स्नायू म्हणजे सोलियस. तो नडगीच्या हाडांपासून, म्हणजे गुडघ्याच्या खालून निघतो. दोन्ही खाली एकत्र येऊन अकिलीस टेंडन ही शरीरातील सर्वांत जाड आणि बळकट शीर (येथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला बांधणारा दोर) बनते व ती टाचेच्या हाडात रुजते. या रचनेचा एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा आणि घोटा असे दोन्ही सांधे ओलांडत असल्यामुळे गुडघा सरळ असताना तो ताणला जातो आणि गुडघा वाकवला की सैल पडतो. सोलियसला मात्र गुडघा सरळ आहे की वाकलेला याच्याशी काही देणेघेणे नसते.

आता चालण्याकडे पाहू. पाऊल जमिनीवर टेकल्यानंतर शरीर त्याच्यावरून पुढे सरकते, त्या वेळी गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि टाच उचलली जाण्यापूर्वी नडगी पावलाच्या पुढे साधारण १० अंश झुकावी लागते. हे झुकणे पोटरीने अडवले, तरी माणूस चालायचा थांबत नाही. विहिरीचा दोर आखूड पडला की पाणी काढणारा काठावरून जास्त वाकून बादली बुडवतो, तसे शरीर ती तूट दुसरीकडून भरून काढते. टाच वेळेआधी उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. किंवा पावलाचा मधला भाग ढिला पडून कमान खाली बसते. किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवून टाकले जाते. क्वचित गुडघा मागे ढकलला जातो. दिवसभरात माणूस हजारो पावले टाकतो, आणि ही भरपाई प्रत्येक पावलाला होत राहते.

कोणता माणूस कोणत्या मार्गाने भरपाई करतो, त्यावर त्याचे दुखणे ठरते. कमान खाली बसू लागली की टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या प्लान्टर फॅशिया या पट्ट्यावर ओढ वाढते आणि टाचेचा तळ दुखतो. अकिलीस टेंडनवरची ओढ वाढली की तळव्याच्या या पट्ट्यावरची ओढही वाढते, कारण दोघांचा खुंटा एकच, टाचेचे हाड. कमान सांभाळणारी घोट्याच्या आतल्या बाजूची शीर थकली की तेथे सूज येते आणि प्रौढ वयात पाऊल हळूहळू सपाट होऊ लागते. चवड्यावर भार वाढला तर बोटांच्या मुळाशी जळजळ होते आणि तेथे घट्टे पडतात. स्वतः अकिलीस टेंडन दुखते ते वेगळेच. वाढीच्या वयातील मुलांत हाडे भराभर लांबतात, स्नायू मागे पडतात, आणि साधारण आठ ते चौदा या वयात खेळणाऱ्या मुलांची टाच मागून दुखू लागते. हे दुखणे वाढ पूर्ण झाली की थांबते, म्हणून त्यासाठी घाबरून जाऊ नये.

रोगी जागा बदलणाऱ्या दुखण्याला चार वेगवेगळे आजार समजतो आणि चार ठिकाणी उपचार घेतो. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले, तर शोध तेथेच संपतो. वास्तविक असे वाढलेले हाड काहीही न दुखणाऱ्या अनेक लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसते, आणि दुखणे थांबल्यानंतरही ते तेथेच राहते. त्यामुळे हाड वाढले आहे एवढ्यावरून दुखण्याचे कारण सापडले असे धरून चालू नये.

उकिडवे बसता येते म्हणून पोटरी मोकळी आहे, असे नव्हे

पोटरी आखडली असावी असे सांगितले की येणारे उत्तर मला पाठ झाले आहे: मी टाचा टेकवून खाली बसतो, भारतीय पद्धतीचा संडास वापरतो, मग माझी पोटरी कशी आखडेल? द्राक्षबागेत दिवसभर बसून-उठून काम करणारा माणूस तर हे अधिकच ठामपणे सांगतो. त्याचे निरीक्षण खरे असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. उकिडवे बसताना गुडघा पूर्ण वाकलेला असतो, म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस सैल सोडलेला असतो. अशा बसण्याने सोलियस आणि घोट्याचा सांधा मोकळा आहे एवढेच सिद्ध होते. चालताना पाऊल मागे राहते तेव्हा गुडघा सरळ असतो, आणि तेथे आखडलेला गॅस्ट्रोक्नेमियस आडवा येतो. उकिडवे बसता येणाऱ्या माणसाची पोटरी सरळ गुडघ्याला ताठ निघणे यात विसंगत असे काहीच नाही.

हा फरक तपासण्याची पद्धत शंभर वर्षे जुनी आहे. निल्स सिल्फरशोल्ड या स्वीडिश अस्थिशल्यचिकित्सकाने १९२० च्या दशकात ती मांडली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. हे गृहस्थ १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचे सांघिक सुवर्णपदक मिळवलेले होते. स्नायू ताणला जाणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक असणार.

घरी तपासताना एका मदतनिसाची गरज लागते. ज्याचा पाय तपासायचा त्याने पलंगावर उताणे, पाय सैल सोडून झोपावे. मदतनिसाने एका हाताने टाच धरावी, पाऊल किंचित आतल्या बाजूला वळवावे आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने चवडा हळूहळू नडगीकडे ढकलावा. आत वळवण्याची ही बारीकशी कृती वगळू नये, कारण ती वगळली तर घोटा न हलता पावलाचा मधला भाग वाकतो आणि घोटाच वाकला असा भास होतो. प्रथम गुडघा पूर्ण सरळ ठेवून पाऊल काटकोनाच्या पुढे किती येते ते पाहावे. नंतर गुडघा काटकोनात वाकवून तेच करावे. गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनाशीच अडकते आणि गुडघा वाकवताच सहज पुढे येते, असे आढळले तर आखडलेला स्नायू गॅस्ट्रोक्नेमियस आहे. दोन्ही स्थितींत ते अडत असेल, तर सोलियस, अकिलीस टेंडन किंवा स्वतः घोट्याचा सांधा यांपैकी काहीतरी ताठ आहे. वाकवताना मागे पोटरीत ओढ न जाणवता घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडल्यासारखे होऊन दुखले, तर तो सांध्याचा प्रश्न असतो. जुना फ्रॅक्चर, वारंवार मुरगळलेला घोटा किंवा बरेच दिवस असलेले प्लास्टर ही त्याची नेहमीची कारणे. अशा सांध्यावर पोटरीचे ताण कितीही दिले तरी उपयोग होत नाही.

व्यायामशाळेत आणि धावपटूंमध्ये भिंतीची चाचणी लोकप्रिय आहे. भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजायचे. १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर आले आणि दोन्ही पायांत फारसा फरक नसला, तर सर्वसाधारणपणे ते ठीक मानले जाते. ही चाचणी चांगली असली तरी गुडघा वाकवून केलेली असते. ती उत्तम रीतीने पार पाडणाऱ्याचा गॅस्ट्रोक्नेमियस तरीही आखडलेला असू शकतो.

किती आखडलेली पोटरी म्हणजे दोष, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. गुडघा सरळ असताना काटकोनाच्या पुढे ५ अंशही न येणे ही कडक मर्यादा, तर १० अंश न येणे ही सैल मर्यादा मानली जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कडक मर्यादा लावली असता, चवडा किंवा पावलाचा मधला भाग दुखणाऱ्या रुग्णांपैकी ६५ टक्के लोकांत आणि तशी तक्रार नसलेल्या लोकांपैकी २४ टक्के लोकांत ही आखडण आढळली. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. काहीही न दुखणाऱ्या माणसांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोकांच्या पोटऱ्या आखडलेल्या असतील, तर नुसती आखडण हा आजार ठरत नाही. तिच्या जोडीला भार वाढला, वजन वाढले, मधुमेह आला किंवा पादत्राण बदलले की ती त्रास देऊ लागते.

ताण देऊनही फरक पडत नाही, तेव्हा

पोटरीचा ताण बहुतेकांना ठाऊक असतो. भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे न्यायचा आणि पुढे झुकायचे. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी पाच मिनिटे उभे राहिले तरी हा व्यायाम करणारे अनेक लोक दिसतील, आणि त्यांतील बरेच जण पोटरी सोडून इतर काहीतरी ताणत असतील. करून पाहिले पण उपयोग झाला नाही असे जे सांगतात, त्यांच्याकडून मी तो समोर करवून घेतो, आणि दोष बहुधा तेथेच दिसतो.

सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे मागचे पाऊल बाहेर वळलेले असणे. पाऊल बाहेर वळले की झुकताना कमान खाली बसते, पावलाचा मधला भाग वाकतो आणि पोटरी ताणली न जाता तळवाच ताणला जातो. दुखणाऱ्या टाचेला हे चांगले नव्हे. मागच्या पावलाची बोटे सरळ समोर, किंबहुना किंचित आत वळलेली असावीत, आणि कमान बसत असेल तर तिच्याखाली नॅपकिनची पातळ घडी ठेवावी. ज्यांचे पाऊल फार सपाट आहे, त्यांनी हा व्यायाम अनवाणी न करता बूट घालून करावा. दुसरा दोष गुडघ्याचा. झुकता झुकता मागचा गुडघा नकळत वाकतो आणि ज्या स्नायूसाठी हा खटाटोप चालला आहे तोच सुटतो. म्हणून मागचा गुडघा ताठ ठेवून, कंबर पुढे नेऊन झुकावे आणि सगळे लक्ष टाच जमिनीत दाबण्यावर ठेवावे. टाच केसभर जरी उचलली गेली तरी ताण गेला असे समजावे. हिसके देणे किंवा वर-खाली झोके घेणे टाळावे.

ताण ३० सेकंद धरावा, प्रत्येक पायाला तीन ते पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. सोलियसही आखडलेला असेल तर मागचा गुडघा थोडा वाकवून तेवढ्याच वेळा दुसरा प्रकार करावा. आठवडाभरात निकाल मागू नये. सहा ते आठ आठवडे नियमाने केल्याशिवाय उपयोग झाला की नाही हे ठरवता येत नाही. सर्वाधिक लोक येथेच गळतात, कारण दुखणे कमी होते तेव्हा व्यायाम थांबतो, आणि दुखणे पोटरी लांब होण्याच्या कितीतरी आधी कमी होते.

ज्यांना सकाळचे पहिले पाऊल जड जाते, त्यांनी अंथरुणातच दोन गोष्टी कराव्यात. झोपेत पाऊल खाली लोंबते, पोटरी आणि तळव्याचा पट्टा रात्रभर आखूड अवस्थेत राहतात, आणि पहिल्या पावलाला दोघे एकदम ताणले जातात. म्हणून उठून बसावे, पंचा चवड्याभोवती घेऊन गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढावे. मग दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन पायाची बोटे हाताने मागे वाकवावीत, दहा सेकंद धरावीत, आणि हे दहा वेळा करावे. त्यानंतरच पाय जमिनीला लावावा. हा साधा उपाय अनेकांना इंजेक्शनपेक्षा जास्त काळ साथ देतो. रात्री पाऊल काटकोनात धरणारा नाइट स्प्लिंट बाजारात मिळतो आणि तो उपयोगी पडतो, पण तो लावून झोप लागत नाही ही तक्रारही तितकीच खरी आहे.

टाचेचा तळ न दुखता टाचेची मागची बाजू, अकिलीस टेंडन जेथे हाडाला चिकटते नेमकी ती जागा, दुखत असेल, तर वरील सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. पाऊल जोराने वर वाकवले की त्या जागी शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणे वाढते. अशा माणसाने पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम टाळावा, खोल ताण काही काळ थांबवावेत, दोन्ही चपलांत टाचेखाली साधारण एक सेंटिमीटरची उंची द्यावी आणि व्यायाम सपाट जमिनीवरच करावा. एकच व्यायाम सर्व टाचांना देणारे व्हिडिओ पाहून दुखणे वाढवून घेतलेल्यांत याच गटाचे लोक अधिक असतात.

नुसत्या ताणाने भागत नाही

येथे थोडे अप्रिय सत्य सांगणे भाग आहे. अभ्यासांत असे दिसते की काही आठवड्यांच्या ताणाने घोट्याची हालचाल सरासरी दोन-तीन अंशच वाढते. ज्याला शून्यावरून तीनवर जायचे आहे त्याच्यासाठी ते मोलाचे असले, तरी सगळा भरवसा त्यावर ठेवता येत नाही. दुसरे असे की अनेक पोटऱ्या ताठ असतात तशाच कमकुवतही असतात. एका पायावर उभे राहून, भिंतीला फक्त बोटे टेकवून, टाच पूर्ण वर उचलण्याची क्रिया तरुण निरोगी माणसाला सलग वीस-पंचवीस वेळा जमायला हवी. वयानुसार हा आकडा उतरतो. दुखऱ्या पायाला ती पाच-सात वेळाच जमत असेल, तर पुढच्या यात्रेनंतर दुखणे परतणार हे आजच सांगता येते.

म्हणून ताणाच्या जोडीला टाचा उचलण्याचा व्यायाम हवा, आणि त्यात वर जाण्यापेक्षा खाली येण्याला महत्त्व द्यावे. दोन्ही पायांवर वर जावे, भार दुखऱ्या पायावर घ्यावा आणि तीन मोजत सावकाश खाली यावे. ही उतरणारी हालचाल स्नायू लांब होत असताना त्याच्याकडून काम करून घेते, त्यामुळे ताकद आणि लांबी दोन्ही मिळतात. अकिलीस टेंडन मध्यभागी दुखत असेल, म्हणजे हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर, तर यासाठी १९९८ साली स्वीडनमध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते: पायरीच्या कडेवर, गुडघा सरळ ठेवून १५ वेळांच्या तीन फेऱ्या आणि गुडघा वाकवून तितक्याच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सामान्य माणसाला हे प्रमाण जड जाते, आणि मी ते बहुधा एक दिवसाआड देतो. टाचेच्या तळाच्या दुखण्यात हाच व्यायाम बोटांखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेवून केला की तळव्याच्या पट्ट्यालाही भार सोसण्याची सवय होते. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाऊल आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखले, तर भार कमी करावा. सकाळचे ते पहिले पाऊल मोजमाप म्हणून कोणत्याही यंत्राइतके विश्वसनीय आहे.

दुखणे परत आणणाऱ्या सवयी

नाशिकमध्ये भार अचानक वाढण्याचे प्रसंग पंचांगातच लिहिलेले असतात. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, नवरात्र आणि चैत्रात सप्तशृंगीगड, पौषात निवृत्तिनाथांची यात्रा, सिन्नरमार्गे शिर्डीची पदयात्रा, आणि आता २०२७ चा सिंहस्थ, ज्याच्या स्नानाच्या दिवशी वाहने दूर थांबतात आणि पुढचे सर्व अंतर पायीच कापावे लागते. वर्षभर दुचाकीवरून खाली न उतरलेला माणूस एका रात्रीत पंचवीस-तीस किलोमीटर चालतो, तेव्हा पोटरीकडून काय अपेक्षा करावी? तारीख आधीच माहीत असते, त्यामुळे तयारी दोन महिने आधी सुरू करता येते. आठवड्यातून तीन-चार दिवस चालणे, अंतर हळूहळू वाढवणे आणि आठवड्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या. त्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक आवश्यक आहे. चढताना फक्त चवडा पायरीवर टेकवून टाच अधांतरी ठेवण्याची सवय अनेकांना असते. रुंद पायरीवर पूर्ण पाऊल ठेवावे, म्हणजे प्रत्येक पायरीला पोटरी ताठ राहत नाही. हरिहरसारख्या ठिकाणी अरुंद, उभ्या पायऱ्यांवर तो पर्यायच नसतो, म्हणून टाच दुखत असताना तो किल्ला पुढच्या वर्षावर ढकलावा.

अनवाणी चालण्याच्या श्रद्धेबद्दल बोलताना जपून बोलावे लागते, पण मधुमेह असणाऱ्यांना मी स्पष्टच सांगतो. दीर्घकाळच्या मधुमेहात शिरा आणि स्नायूंचे आवरण ताठर होत जाते, पोटरी आखडते, चवड्यावरचा दाब वाढतो, आणि त्याच पायातली संवेदना कमी झालेली असते. खडे टोचल्याचे किंवा रामकुंडावरच्या तापलेल्या दगडाने भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. अशा व्यक्तीने प्रदक्षिणा पादत्राण घालूनच करावी आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहावेत. तळव्याला जखम असेल तर या लेखातला कोणताही व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पादत्राणांबाबत एक गैरसमज असा की मऊ म्हणजे चांगले. एमसीआर चप्पल मऊ असते, पण बहुतेकदा पूर्ण सपाट असते. आखडलेल्या पोटरीला मऊपणापेक्षा टाचेखालच्या थोड्या उंचीने लवकर आराम पडतो. ही उंची तात्पुरती ठेवावी, कारण वर्षानुवर्षे उंच टाचेची सवय लागली तर पोटरी त्याच लांबीला स्थिरावते. उंच टाचेच्या सँडलवरून एकदम सपाट कोल्हापुरीवर येणाऱ्या स्त्रियांची टाच सुट्टीत दुखू लागते ती याचमुळे. घरात टाइल्सच्या फरशीवर ओट्याशी तासन्‌तास अनवाणी उभे राहणाऱ्यांनी घरात वेगळी चप्पल वापरावी. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काँक्रीटवर पूर्ण पाळी उभे राहणाऱ्या कामगारांना सेफ्टी शूज बदलण्याची मुभा नसते. त्यांनी आत चांगले इनसोल घालावे आणि जेवणाच्या सुट्टीत भिंतीशी दोन मिनिटे पोटरी ताणावी. सहकारी हसतात असे मला सांगण्यात येते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

रात्री पोटरीत वांब येणे ही संबंधित पण वेगळी तक्रार आहे. त्या क्षणी गुडघा सरळ करून पाऊल वर ओढले की वांब सुटतो, आणि झोपण्यापूर्वी ताण देण्याने काहींना लाभ होतो.

घरगुती उपाय थांबवण्याच्या खुणा

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दाबल्यावर दुखली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा प्लास्टर काढल्यावर, तर ती नसेतील रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नये, ताणू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते आणि उभे राहिले की दोन-तीन मिनिटांत बरी होते, असे होत असेल, तर तंबाखू किंवा विडी-सिगारेट घेणाऱ्यांनी व मधुमेहींनी पायाच्या धमन्यांची तपासणी करून घ्यावी. खेळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून फटकन आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर अकिलीस टेंडन तुटले असण्याची शक्यता असते. कंबरेपासून पायात मुंग्या उतरत असतील, तर पोटरी ताठ वाटण्याचे कारण मणक्यात असू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके घेत असताना अकिलीस टेंडन दुखू लागले, तर व्यायाम थांबवून औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण या औषधांमुळे शिरांना इजा होऊ शकते. तीन वर्षांपुढचे मूल सतत चवड्यांवर चालत असेल, तर ते लाडिकपणा म्हणून सोडून न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

इंजेक्शनबाबत इतकेच की टाचेच्या तळाशी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे चांगला आराम देते. पण ते वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते व तळव्याचा पट्टा फाटण्याचा धोका राहतो. अकिलीस टेंडनच्या आत तर ते घेऊच नये.

शस्त्रक्रियेपर्यंत फार थोडे लोक जातात. योग्य रीतीने केलेल्या व्यायामाला सहा महिने देऊनही दुखणे कायम असेल, आणि गुडघा सरळ व वाकवून केलेल्या तपासणीत फक्त गॅस्ट्रोक्नेमियस आखडलेला दिसत असेल, तर त्या स्नायूचे पातळ आवरण कापून त्याला थोडी लांबी देण्याची शस्त्रक्रिया करता येते. सोलियस आणि अकिलीस टेंडन तिच्यात शाबूत ठेवले जातात. पूर्ण अकिलीस टेंडन लांबवण्यापेक्षा तिच्यात पोटरीची ताकद कमी घटते, तरी काही महिने टाच उचलण्याची ताकद कमी जाणवते, आणि पोटरीच्या मागून पावलाकडे जाणाऱ्या एका संवेदी नसेला इजा होऊन पावलाची बाहेरची कड बधिर होण्याचा धोका असतो. शल्यचिकित्सकाकडे गेल्यावर आपले मोजमाप गुडघा सरळ ठेवून घेतले तेव्हा किती आले, आणि वाकवून घेतले तेव्हा किती आले, हे दोन आकडे विचारावेत. दोन्ही आकडे सारखेच आले असतील, तर ही शस्त्रक्रिया त्या पायासाठी नव्हे.